रोजच्या सायकलला टायर कोणते घालावेत? (पंक्चर आणि पावसात घसरणं)

साडेसोळा
१४ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून पहिला धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

कोथरूड डेपो ते हिंजवडी, एका बाजूने साडेसोळा किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस सायकलने. चांदणी चौक उतरून हायवेच्या सर्व्हिस रोडने सूस, बाणेर, बालेवाडी, वाकड. सायकल हायब्रिड, टायर ७०० बाय ३५, सायकलबरोबर आलेलेच. दीड वर्ष आणि साडेसात हजार किलोमीटर झालेत. मी ७६ किलो, पाठीवर लॅपटॉपची सॅक.

दोन दुखणी आहेत. एक म्हणजे एप्रिलपासून सहा पंक्चर, त्यातले पाच मागच्या चाकाचे. सर्व्हिस रोडवर काचा, खडी, काय वाट्टेल ते असतं हे मान्य, पण सहा?

दुसरं म्हणजे परवाचा पहिला पाऊस. बाणेरला सिग्नल लाल झाला, झेब्रा क्रॉसिंगवर ब्रेक दाबला आणि पुढचं चाक जे बाजूला गेलं ते गेलंच. कोपर सोललं, पँट गुडघ्यावर फाटली. मागचे रिक्षावाले "लागलं का" विचारायच्या आधी "बाजूला घ्या" म्हणाले. त्यांचंही बरोबर, सिग्नल सुटला होता.

मागच्या टायरवर नक्षी नावाला उरली आहे. दुकानात विचारलं तर म्हणाले, गोटेवाला (जाड उंचवट्यांच्या नक्षीचा) टायर टाका, रस्ता घट्ट धरतो. ऑफिसातला एक म्हणतो उलटं कर, एकदम गुळगुळीत घे. हवा दर रविवारी न चुकता ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतो, टायरवर लिहिली आहे तेवढी.

टिकेल, पंक्चर कमी होईल आणि पावसात धरेल असा टायर सुचवा. बजेट ताणता येईल, पण बायकोला सांगता येईल इतपतच.


पंपवाला
१४ जून, रात्री १०:३१

टिकेल, पंक्चर होणार नाही, घसरणार नाही आणि बायकोला सांगता येईल. साहेब, तुम्हाला पीएमपीच्या बसचा पास हवाय.

हलके घ्या. कोपराला हळद लावा. जाणकार येतीलच.


बेरिंग
१४ जून, रात्री ११:०५

आलो. आधी गोट्यांचा विषय संपवू.

कारच्या टायरला नाळ्या असतात त्या पाणी बाहेर काढायला. रुंद, सपाट टायर पाण्यावर तरंगायला लागतो म्हणून त्या लागतात. सायकलचा टायर अरुंद आणि गोल, शिवाय त्यात हवा जास्त दाबाने. तरंगायला लागायचा वेग काढायचं एक जुनं सूत्र विमानाच्या चाकांवरच्या प्रयोगांतून आलं आहे: दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ९ ने गुणा, उत्तर नॉट्समध्ये. ६० पीएसआयला जवळपास ७० नॉट्स येतात, म्हणजे ताशी १३० किलोमीटरच्या आसपास. सूत्र रुंद चाकांचं आहे, सायकलला आणखी सवलत मिळते. तुम्ही चांदणी चौक उतरताय, लोहगावला विमान उतरवत नाही.

डांबरी रस्त्याला धरतं ते रबर. डांबराला खडीची खरखर असते, ती रबरात रुतते. नक्षी रस्त्यालाच आहे, टायरला वेगळी कशाला? उलट गोटेवाल्या टायरचं निम्मं रबर हवेत राहतं आणि वळताना गोटे वाकतात. चिखलात, मातीत गोटे हवेतच. बाणेर रोडवर नकोत. (मेट्रोचं काम चालू असेल तिथे मातीच असते म्हणा, पण तो वेगळा धागा.)

आता तुमचं पडणं. पांढरा पट्टा हा रंग नसतो, वितळवून ओतलेलं प्लास्टिक असतं आणि रात्री चमकावं म्हणून त्यात काचेचे बारीक मणी. तो डांबराची खरखर बुजवून टाकतो. त्यात पहिला पाऊस, म्हणजे दोन-तीन महिन्यांचं ऑइल आणि धूळ रस्त्यावर वर आलेली. त्यावर पुढचा ब्रेक दाबलात तर जगातला कुठलाही टायर तुम्हाला वाचवणार नाही. ड्रेनेजची झाकणं, उड्डाणपुलांच्या जोडावरच्या लोखंडी पट्ट्या, गुळगुळीत पेव्हर ब्लॉक, सगळे याच जातीचे. ब्रेक त्यांच्या आधी, सायकल सरळ, त्यांच्यावरून जाताना हात मोकळे.

आणि ते ८५. त्यावर उद्या लिहितो, आता झोपतो. पण उद्या सकाळी निघण्याआधी पुढची हवा ५० वर आणा. एवढं ऐका.


खडूस
१५ जून, सकाळी ८:४०

आता कोणीतरी येऊन जर्मन टायर सुचवेल, एकाला अडीच-तीन हजार. दोन टायरच्या पैशात माझ्याकडे पंक्चरवाला वर्षभर घरी येऊन ठिगळ लावेल. सायकल आहे का मर्सिडीज? आपल्याकडे लुधियाना-हैदराबादचे टायर चारपाचशेला मिळतात, झिजला की बदला, विषय संपला.


रात्रपाळी
१५ जून, सकाळी ९:५५

खडूस, रात्री पावणेदहाला, पावसात, सूसच्या पुलाखाली पंक्चरवाला कुठे मिळतो तेवढं सांगा, मीही नंबर घेतो.

साडेसोळा, टायर विकत घेण्याआधी एक काम. मी ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) करतो, २०० ते ६०० किलोमीटर, बराचसा रस्ता हायवेच्या कडेचा. माझ्या अनुभवात काचेने होणारी पंक्चर थोडी. खरा शत्रू तार. ट्रकचे रेडियल टायर फुटले की त्यांच्या आतल्या पोलादी तारांचे तुकडे शोल्डरवर पसरतात. केसापेक्षा जरा जाड, लांबीला तांदळाच्या दाण्याएवढे, कधी त्याहून लहान. टायरमध्ये घुसली की बाहेरून दिसत नाही. आत टोक अर्धा मिलिमीटर आलेलं असतं, ते ट्यूबला हळूहळू टोचतं. हवा एकदम जात नाही. संध्याकाळी निघताना चाक बसलेलं असतं. तुमचंही असंच होतंय का?

पाच पंक्चर एकाच चाकाची म्हटल्यावर मला एकाच तारेचा संशय आहे. ट्यूब बाहेर काढा, हवा भरा आणि सगळी ठिगळं व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहेत ते बघा. दोन-तीन जवळजवळ असतील तर टायरमधला चोर अजून आतच बसलाय. मग टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. बोट फिरवू नका. एकतर बोट कापतं, आणि टोक फार लहान असेल तर बोटाला कळतही नाही. कापसाचा धागा बरोबर अडकतो.

ठिगळ कुठे आहे यावरून रोग कळतो. ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला एक भोक, म्हणजे रस्त्यावरचं काहीतरी. आतल्या अंगाला, रिमकडे, म्हणजे रिमटेप (आऱ्यांची टोकं झाकणारी पट्टी) सरकली आणि आऱ्याचं टोक लागतंय. शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी, म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चेमटली. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर पंप मारताना वाकडातिकडा ओढलाय.


साडेसोळा
१५ जून, रात्री ९:२०

रात्रपाळी, दंडवत घ्या.

चाक काढलं. मागच्या ट्यूबवर पाच ठिगळं, त्यातली चार तळहाताएवढ्या जागेत, व्हॉल्व्हपासून साधारण वीतभर. पंक्चरवाला दर वेळी टायरची एकच बाजू सोडवून ट्यूब ओढून काढायचा आणि परत सारायचा, त्यामुळे टायर जागचा हललाच नव्हता. कापूस फिरवला. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत एका जागी दोन तंतू अडकले. भिंगाखाली धरलं तर आतून एक चमकता ठिपका, बस. बाहेरून रबर दाबलं तर काहीच दिसेना. शेवटी बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने आतून धरून ओढलं. तीन मिलिमीटरची तार. आत्ता टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवली आहे. घरातले सगळे येऊन बघून गेले.

चार पंक्चरचे पैसे आणि दोन लेट मार्क, या एवढ्याशा तारेपायी.

चिमट्याबद्दल मला वेगळं ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.


पंपवाला
१५ जून, रात्री ९:३३

चिमटा पंक्चर किटमध्ये कायमचा घ्या आणि घरी नवीन आणून द्या. हाच या धाग्यातला सर्वात स्वस्त सल्ला.


बेरिंग
१५ जून, रात्री ११:४०

छान. आता ८५.

टायरच्या कडेवर लिहिलेला मोठा आकडा ही मर्यादा असते, शिफारस नाही. तुमच्या टायरवर बारीक अक्षरात ५० ते ८५ असं लिहिलेलं असणार, बघा. ३५ मिलिमीटरच्या टायरला तुमच्या वजनाला ८५ म्हणजे दगड. दगड रस्त्याला चिकटत नाही, उडतो. खड्ड्यातून बाहेर येताना चाक क्षणभर हवेत असतं आणि हवेत ग्रिप शून्य.

तुम्ही, सायकल, सॅक मिळून ९५ किलो धरू. हायब्रिडवर साधारण ४० टक्के पुढे, ६० टक्के मागे. बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या १५ टक्के दबावा असा एक जुना ठोकताळा आहे. तुमच्यासाठी पुढे ४५, मागे ५५. थोडं इकडेतिकडे स्वतः करून बघा. पाऊस असेल तर दोन्ही पाच-पाच कमी. खूप कमी मात्र नको, नाहीतर वर रात्रपाळींनी सांगितलेला साप चावेल.

एक गंमत. मागच्या चाकावर ५५-५७ किलो आणि ५५ पीएसआय हवा असेल, तर जमिनीला टेकलेला तुकडा होतो साधारण पंधरा चौरस सेंटीमीटर. म्हणजे एका काडेपेटीपेक्षाही लहान. त्याच्यावर आपण पोराबाळांचे बाप हिंजवडीला जातो.

हवा मोजायचं गेज विकत घ्या किंवा गेजवाला उभा पंप. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या भरवशावर राहू नका.


चोवीस इंची
१६ जून, सकाळी ६:१५

तुमची ही मापं वाचून मौज वाटली. आम्ही अंगठ्याने दाबून हवा बघायचो. दबला तर भरा, नाही दबला तर निघा.

मी १९७४ ते २००६ सदाशिव पेठेतून पिंपरीला कारखान्यात सायकलने गेलो. काळी चोवीस इंची (हे सांगाड्याचं माप), टायर अठ्ठावीस बाय दीड. तेव्हा पुण्याला सायकलींचं शहर म्हणत आणि ते खरंच होतं. फाटकातून पहिली पाळी सुटली की सायकलींचा लोंढा. पंक्चर वर्षाला दोन-तीन, तीही बहुतेक बाभळीच्या काट्याची. टायर जाड, हवा कमी, वेगही बेताचा. घसरलो एकदाच, लकडी पुलावर, दोष टायरचा नव्हता, मागे बसलेल्या मित्राचा होता.

माझा प्रश्न असा की ती सायकल अजून आहे. नातू म्हणतो चालू करू. टायर मिळेल का? दुकानात २८ म्हटलं की पोरगा ७०० चा आणून दाखवतो आणि म्हणतो एकच आहे. तो बसत नाही.


उलटवारा
१६ जून, दुपारी १:५०

काका, तो पोरगा चुकतोय, तुमची सायकल बरोबर आहे!

मी हेगला राहते. इथे जुन्या डच सायकलींना, आजीआजोबांच्या म्हणतात त्या, नेमका हाच टायर असतो. टायरच्या कडेवर बारीक आकडे असतात ते वाचायचे. तुमच्यावर ४०-६३५ असेल. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर जिथे टायर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. ७०० चा आकडा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, म्हणून तो जन्मात बसणार नाही. २९ इंची एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) पण ६२२ च. आणि २६ इंची तर निव्वळ गोंधळ आहे. एमटीबीचा ५५९, लेडीज सायकलचा २६ बाय १ ३/८ असतो तो ५९०. इंच विसरा, मिलिमीटर बघा.

६३५ भारतात सहज मिळायला हवा, दूधवाल्यांच्या सायकली अजून त्यावरच चालतात. पेठेतल्या नव्या शोरूममध्ये नका विचारू, जिथे लोखंडी कॅरियरच्या काळ्या सायकली टांगलेल्या असतात तिथे विचारा. इथे श्वाल्बे या जर्मन कंपनीचा डेल्टा क्रूझर याच मापात मिळतो.

तुमचा व्हॉल्व्हसुद्धा इथे अजून आहे. तो आतून छोटी रबरी नळी घालायचा डनलॉप व्हॉल्व्ह.


चोवीस इंची
१६ जून, दुपारी ४:०२

अगदी! व्हॉल्व्हट्यूब! चाराण्याला वीतभर मिळायची, कात्रीने कापून घालायची, थुंकी लावून. ती कुजली की हवा जायची आणि लोक पंक्चर समजायचे. सदाशिव पेठेत बसून हेगच्या आजीशी नातं लागेल असं वाटलं नव्हतं. बघून आलो, ४०-६३५ च लिहिलंय. चष्मा लावून.


बेरिंग
१६ जून, सायंकाळी ६:२०

अवांतर होतंय पण राहवत नाही. डनलॉप म्हणजे बेलफास्टचा गुरांचा डॉक्टर. पोराच्या तीनचाकीला दगडी रस्त्यावर हादरे बसतात म्हणून हवेचा टायर केला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. नंतर कळलं की थॉमसन नावाच्या माणसाने चाळीसेक वर्षं आधीच असलं पेटंट घेऊन ठेवलं होतं. म्हणजे हवेचा टायर आला तो वेगासाठी नाही, हादरे बसू नयेत म्हणून. ८५ भरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.


माडाखाली
१६ जून, रात्री ८:१०

फोंड्याहून पणजीला आठवड्यातून तीनदा जातो, त्यामुळे पावसाबद्दल बोलायचा अधिकार माझा. चार महिने रस्ता कोरडा म्हणून दिसत नाही.

बेरिंग म्हणतात ते डांबराला खरं, पण आमच्याकडे तीन गोष्टी वेगळ्या. झाडाखालच्या रस्त्यावर ऑगस्टमध्ये शेवाळ धरतं, हिरवं, दिसतही नाही. वळणांवर डंपरमधून सांडलेली तांबडी माती, ओली झाली की लोणी. आणि सड्यावरून वाहून आलेली बारीक चिऱ्याची खडी. तिथे एकदम टकला टायर मला आवडत नाही. मधे गुळगुळीत पट्टा आणि कडेला थोडी नक्षी असलेला टायर घेतला आहे. सरळ जाताना मधल्यावर, वळताना मातीत कडेची नक्षी जरा तरी धरते. शेवाळाला उपाय नाही, तिथे उतरून चालतो. लाज वाटत नाही.

पावसात पंक्चरही वाढतात, ते का कोणी सांगेल का?


रात्रपाळी
१६ जून, रात्री ८:४५

पाणी रबराला वंगण होतं. ओली काच ओल्या रबरात सुरीसारखी जाते, कोरड्यात अडखळते. शिवाय पाऊस सगळा कचरा वाहून कडेला आणतो, आणि कडेला कोण असतं? आपण. रच्याकने, म्हणजे रस्त्याच्या कडेने, जाणारे.


साडेसोळा
१७ जून, रात्री १०:३०

हवा ४५/५५ करून दोन दिवस गेलो. फरक शब्दांत सांगता येत नाही, सॅकमधला डबा आता वाजत नाही एवढं सांगतो. वेळ तोच, उलट एक मिनिट कमी.

पण टायर तर बदलायचेच आहेत. मागचा मधोमध सपाट झालाय आणि कडांना भेगा आहेत. आता नावं सांगा. खडूस, तुम्हीही सांगा.


रात्रपाळी
१७ जून, रात्री ११:१०

माझं मत सरळ. श्वाल्बे मॅरेथॉन प्लस. आत पाच मिलिमीटरचा निळा रबरी थर, ड्रॉइंग पिन टोचली तरी तिथेच अडकते. तुमच्या सर्व्हिस रोडला तोच हवा. माझ्या मागच्या चाकावर नऊ हजार किलोमीटर, एक पंक्चर, तेही दोन इंची खिळा आरपार गेला तेव्हा. त्याला काय बोलणार.


बेरिंग
१७ जून, रात्री ११:३५

इथे रात्रपाळींशी असहमत. पंक्चर अडवायचं म्हणून टायर जाड करत गेलात की तो जड आणि ताठ होतो. ३७ चा प्लस ९०० ग्रॅमच्या घरात जातो. चाक फिरवायला जोर लागतो, खड्ड्यावर टायर लवत नाही. बसवताना अंगठे सुजतात ते वेगळंच. ६०० किलोमीटर रात्रीतून जाणाऱ्याला पंक्चर म्हणजे संकट, साडेसोळांना अर्धा तास उशीर.

त्याच कंपनीचा साधा मॅरेथॉन घ्या. आत तीन मिलिमीटरचा हिरवा थर, वजन दीड-दोनशे ग्रॅमने कमी, कडेला चमकणारी पट्टी असते ती रात्री कारच्या दिव्यात गोल चक्र दिसते. हिंजवडीच्या संध्याकाळी ती पट्टी मला पंक्चर-थराहून मोलाची वाटते.

कुठलाही घ्या, दोन गोष्टी विचारा. खोक्यावर 'केव्हलार' (एक चिवट धागा) लिहिलंय म्हणून भुलू नका. ते कडेच्या तारेच्या जागी असतं की नक्षीखाली? कडेला असेल तर टायर घडी घालता येतो इतकंच, काचेला काही फरक पडत नाही. दुसरं, रबर. कडक रबर जास्त टिकतं पण ओल्यात सुटतं, मऊ रबर धरतं पण झिजतं. चांगले बनवणारे सिलिका घालून दोन्ही थोडं थोडं जमवतात, पैसे त्याचेच असतात. 'पंधरा हजार किलोमीटर गॅरंटी' असं कोणी म्हणालं तर पावसाळ्यात त्याला शिव्या द्यायची तयारी ठेवा.


खडूस
१८ जून, सकाळी ८:३०

विचारलंत म्हणून सांगतो. पुढे चांगला टायर घाला, मागे स्वस्त. मागचा दुप्पट वेगाने झिजतो, तिथे पैसे कशाला जाळायचे? पण पुढचं चाक घसरलं तर तोंडावर पडतो माणूस, मागचं घसरलं तर निदान सावरतो. लोक बरोब्बर उलटं करतात. मागचा झिजला की नवा मागे टाकतात. नवा पुढे टाका, पुढचा काढून मागे न्या.

आणि जुन्या टायरच्या दोन्ही कडा कापून तो पट्टा नव्या टायरच्या आत ट्यूबखाली टाकला की तुमचा निळा-हिरवा थर फुकटात. आमचा पंक्चरवाला हे करून देतो.


बेरिंग
१८ जून, सकाळी ९:१५

पुढच्या-मागच्याबद्दल खडूस शंभर टक्के बरोबर. हे मी वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट.

पट्ट्याबद्दल सावध. त्याच्या कापलेल्या कडा ट्यूबला घासून तिथेच भोक पाडतात. करायचंच तर कडा तासून पातळ करा आणि टाल्कम पावडर लावा.


उलटवारा
१८ जून, दुपारी २:३०

घेण्याआधी मडगार्डखाली किती जागा आहे ते बघा. मापाला हाताचं बोट चालतं, टायर आणि मडगार्डच्या मधे करंगळी आरामात जायला हवी. कमी असेल तर ओली पानं अडकून चाक घासतं. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानांचा चिखल होतो, तेव्हा माझं हेच झालं. ३७ बसत नसेल तर ३२ घ्या, हट्ट करू नका.

ट्रामच्या रुळांबद्दलही सांगते, पुण्यात रूळ नाहीत पण रेल्वे फाटकं आहेत. कितीही महाग टायर असो, रूळ तिरका ओलांडला की चाक त्याच्या खाचेत जातं. शक्य तितका काटकोनात. पहिल्या वर्षी मी आडवी झाले आणि शेजारच्या आजी सायकलवरून न उतरता मला नियम सांगून पुढे गेल्या.


साडेसोळा
२३ जून, रात्री ११:००

घेतले. मॅरेथॉन, ३७-६२२, दोन्ही. करंगळी जाते, पण अंगठी काढून. बायकोला एका टायरची किंमत सांगितली. खोटं बोललो नाही, तिने एकाचीच विचारली.

बसवताना शेवटचे चार इंच काही केल्या रिमवर चढेनात. टायर लिव्हरने नवी ट्यूब चिमटली, म्हणजे पंक्चर रस्त्यावर न जाताच केलं. मग एका व्हिडिओत दिसलं: उरलेल्या सगळ्या घेरात टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत यायची, व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवायचं, की ढील मिळते. शेवटचा तुकडा अंगठ्यांनीच चढला. टायरवरचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असा बसवलाय, म्हणजे पुढच्या वेळी ट्यूबवरचं भोक आणि टायरमधली जागा जुळवता येईल. टायरवरचा फिरायच्या दिशेचा बाण चुकून उलटा गेला होता, परत काढला. एकूण दोन तास.


पंपवाला
२३ जून, रात्री ११:०४

दुसऱ्या टायरची किंमत विचारली जाईल त्या दिवशी धागा वर काढा.


साडेसोळा
२ नोव्हेंबर, सायंकाळी ७:४५

वर काढतोय, पण वेगळ्या कारणाने.

पावसाळा संपला. २१ जूनपासून दोन हजार तीनशे किलोमीटर झाले. मागे एक पंक्चर, सप्टेंबरमध्ये. तार नव्हती, बिअरच्या बाटलीची काच होती, नखाएवढी, आडवी शिरली. पुढे शून्य. घसरलो एकदाच, वाकडच्या पुलाखाली पेव्हर ब्लॉकवर, वेग कमी होता, पाय टेकला. झेब्रावर आता ब्रेक मारत नाही, मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. पावसात पुढे ४०, मागे ५० ठेवली होती, तीच चांगली वाटली, आता परत ४५/५५.

दर रविवारी हवा भरायच्या आधी दोन्ही टायरवरून ओला फडका फिरवतो आणि रुतलेली खडी पिनने काढतो. पाच मिनिटं लागतात. पहिल्या महिन्यात दोन तारा अशाच बाहेर काढल्या, आत पोचायच्या आधी. चिमटा किटमध्ये आहे. नवीन आणून दिला.

साध्या मॅरेथॉनचा वेग मला जुन्या टायरपेक्षा किंचित कमी वाटतो, चढावर कळतो. प्लस घेतला असता तर चांदणी चौकात बेरिंगांना शिव्या घातल्या असत्या.


रात्रपाळी
२ नोव्हेंबर, रात्री ९:१०

प्लस असता तर ती काचही आत गेली नसती. असो. दोन हजारात एक, चांगला आकडा आहे.


चोवीस इंची
३ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

माझी सायकल सुरू झाली. टायर भवानी पेठेत मिळाला, दोन्ही मिळून नऊशे रुपये, व्हॉल्व्हट्यूब फुकट दिली. नातू सारसबागेपर्यंत चालवतो आणि म्हणतो, आजोबा, ही जड आहे.

तुमचे काढलेले टायर टाकले का? मागचा गेला असेल, पण पुढचा अजून चालेल ना? आमच्याकडे पेपर टाकणारा मुलगा आहे, त्याची ७०० चीच आहे, मी कडेवरचा आकडा वाचला, ६२२. त्याच्या पुढच्या टायरमधून दोरा दिसतोय.


साडेसोळा
३ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

माळ्यावर आहे काका. शनिवारी आणून देतो. आतून कापूस फिरवून.